सत्तेचाळीस नंबरची झेंडी

सर्व्हेअरचं एखाद्या माणसाबद्दल मत बनलं की ते मोजणीच्या दगडासारखं जागचं हलत नसे, आणि मेहुण्याबद्दलचं मत तर त्याने लग्नाच्या दिवशीच रोवून ठेवलं होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. औषधांचं दुकान चालवायचा. डॉक्टरची चिठ्ठी हातात आली की ती दोनदा वाचायचा, मग खोक्यावरचं नाव दोनदा वाचायचा, मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून पुन्हा एकदा चिठ्ठी. "तेवढ्या वेळात दुखणं कंटाळून निघून जातं," असं सर्व्हेअर चारचौघांत सांगायचा. त्याच्या पाठीमागे तो त्याला गोगलगाय म्हणायचा. कधीकधी तोंडावरही.

अशी ही गोगलगाय पन्नाशी ओलांडल्यावर त्याच्याच क्लबात, त्याच्याच गटात शर्यत धावायला आली, याचा दोष सर्व्हेअरच्या मते सर्वस्वी त्याच्या बायकोचा होता. भावाची साखर वाढली, डॉक्टरने हालचाल करायला सांगितली, आणि ती म्हणाली, "अहो, रविवारी तुम्ही जाताच ना जंगलात, त्यालाही न्या." जणू पिशवीत आणखी दोन कांदे टाकायचे होते.

ओरिएंटिअरिंग हा खेळ पळण्याचा कमी आणि न हरवण्याचा जास्त. जंगलाच्या तोंडाशी हातात नकाशा मिळतो. त्यावर वर्तुळं असतात. प्रत्येक वर्तुळाच्या जागी जंगलात एक केशरी-पांढरी झेंडी टांगलेली, झेंडीखाली पेटी, पेटीवर नंबर. बोटातली चिप पेटीला टेकवायची, पुढच्या झेंडीकडे सुटायचं. वाट ज्याची त्याने शोधायची. दुसऱ्या गटांच्या झेंड्याही त्याच जंगलात असतात, आणि आपली एक झेंडी चुकली की सगळी शर्यत बाद. सरकारी खात्यात तीस वर्षं जमिनी मोजलेल्या माणसाला हा खेळ म्हणजे घरचं अंगण, असं सर्व्हेअर समजायचा. नाचता न येणाऱ्यांची अंगणं त्याने आयुष्यभर मोजली होती. वाकडं कोणाचं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

क्लबात पन्नाशीपुढच्यांचा रिलेचा संघ तिघांचा. सेक्रेटरीची जागा पक्की, कारण तो सेक्रेटरी होता. धंद्याने दातांचा डॉक्टर, जंगलातही पांढरेशुभ्र मोजे घालून यायचा. दुसरी जागा एका पोस्टमनची, कारण त्याला खरंच पळता यायचं. तिसरी जागा नऊ वर्षं सर्व्हेअरची होती. मोसमात सहा शर्यती, शेवटची निवडीची. त्या शर्यतीत जो पुढे येईल तो तिसरा. नऊ वर्षं सर्व्हेअर त्या शर्यतीला, जुन्या भाडेकरूने नव्या कराराला जावं तसा, सही करायला जायचा.

यंदा शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दुपारी जेवणाच्या टेबलावर वही उघडून त्याने मोसमाचा आढावा घेतला. वहीत गटातल्या प्रत्येकाला एक पान होतं. कोण, कुठल्या झेंडीला, किती मिनिटं हरवला आणि का. "का" या रकान्यावर त्याचा विशेष जीव होता. सेक्रेटरीपुढे "मोजे मळतील म्हणून ओढा टाळला." पोस्टमनपुढे "पाय आधी, डोकं मागून." स्वतःच्या पानावरही तो तितकंच प्रामाणिकपणे लिहायचा: "नकाशा जुना." "ऊन डोळ्यांवर." "झेंड्या टांगणाऱ्या बाईंनी झेंडी झुडपात लपवली." त्याच्या चुकीला तो स्वतः कारण, असं तिथे एकदाही सापडलं नसतं.

मेहुण्याच्या पानावर नुसते आकडे होते. पहिली शर्यत, एकतीस मिनिटं हरवला. दुसरी, बावीस. मग चौदा, मग सात, मग दोन. शाळेतल्या पोरानेही त्या आकड्यांवर बोट फिरवून सांगितलं असतं की उतार कुठल्या दिशेला आहे. सर्व्हेअरने समोर "नशीब" लिहिलं, आणि खाली रेघ ओढली.

कारण त्याने मेहुण्याचा सराव पाहिला होता. स्वतः तो मंगळवारी चढावर दहा फेऱ्या मारायचा, गुरुवारी मैदानावर घड्याळ लावून पळायचा, पायाला पट्ट्या, कपाळाला पट्टी. मेहुणा काय करायचा? दुकान उघडण्याआधी गावाबाहेरच्या टेकडीवर नकाशा घेऊन चालायचा. चालायचा. अंगठा नकाशावर, आणि दर पन्नास पावलांनी थांबून आजूबाजूला बघायचा.

"हा कसला सराव?" सर्व्हेअरने एकदा विचारलं होतं. "टेकडी विकत घ्यायची आहे का?"

"नाही भाऊजी. मी कुठे आहे ते बघत होतो."

"टेकडीवर आहेस."

"हो, पण टेकडीवर कुठे?"

हा संवाद सर्व्हेअरने क्लबात नक्कल करून सांगितला. सगळे हसले. भूगोलाच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई क्लबाच्या शर्यती आखायच्या, झेंड्या टांगायच्या. त्यांना विनोदच कळत नाही, असं सर्व्हेअरने ठरवून टाकलं.

रविवारी मेहुणा त्याच्या सहा मिनिटं आधी सुटला. एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, त्यात गंमत अशी की मागचा पुढच्याला गाठू शकतो. सर्व्हेअरने सहाव्या झेंडीपुढेच मेहुण्याला गाठलं. पायवाटेला फाटा फुटत होता आणि फाट्यावर गोगलगाय उभी होती, अंगठा नकाशावर, मान खाली.

"अजून टेकडीवरच का?" सर्व्हेअर धापा टाकत म्हणाला.

मेहुणा हसला, होकायंत्र बघितलं आणि डावीकडच्या वाटेने चालू लागला. हो, चालू.

सातवी झेंडी होती सत्तेचाळीस नंबरची. घळीच्या माथ्याशी, मोठ्या खडकाच्या पूर्वेला. सर्व्हेअरने नकाशाकडे पाहिलं. खरं तर पहिल्या नजरेला त्यालाही वाट डावीकडेच दिसली होती. पण मागच्या दोन झेंड्या त्याने जोरात मारल्या होत्या, अंगठा नकाशावरून कधीच सुटला होता, आणि आपण नेमके कुठल्या फाट्यावर आहोत याची खात्री व्हायला आणखी दहा सेकंद लागली असती. दहा सेकंद कशाला घालवायची? उत्तर समोर चालत होतं. ज्या वाटेने हा गेला, ती बरोबर असूच शकत नाही. सर्व्हेअर सरळ पळाला.

पुढे घळ आली. घळीच्या माथ्याशी मोठा खडक आला. खडकाच्या पूर्वेला झेंडीही होती, सगळं अगदी कागदावर लिहिल्यासारखं. फक्त पेटीवर नंबर होता बावन्न.

असल्या क्षणी सामान्य माणसाला वाटतं की आपण चुकलो. सर्व्हेअरला वाटलं, बाईंनी पेटी चुकीची टांगली. वय झालं, दुसरं काय. त्याने चिप टेकवली आणि तो असा पळाला की पुढच्या पाच झेंड्या त्याला आयुष्यात कधी सापडल्या नव्हत्या इतक्या झपाट्याने सापडल्या. शेवटच्या रेषेवर घड्याळ सांगत होतं की तो मेहुण्यापेक्षा अकरा मिनिटांनी पुढे आहे. कॉम्प्युटर सांगत होता की सातवी झेंडी चुकली, धावपटू बाद.

"तक्रार अर्ज द्या," सर्व्हेअर सेक्रेटरीला म्हणाला. आवाजात राग नव्हता. असल्या प्रसंगी रागावणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

अर्ज आला, भरला गेला. क्लबाची एक रीत होती. तक्रार आली की समिती जंगलात जायची, पण तक्रारदाराने पुढे चालायचं आणि बाकीच्यांनी दहा पावलं मागे. वाट कोणी सांगायची नाही. माणूस आपल्या पायांनी जिथे नेईल, तिथे जाऊन बघायचं. समिती म्हणजे सेक्रेटरी आणि बाई. मेहुण्याला साक्षीदार म्हणून घेतलं, कारण त्याने सत्तेचाळीसवर चिप टेकवली होती. तो आपली पाण्याची बाटली घेऊन आला.

"भाऊजी, पाणी?"

"पाणी कशाला, तासाभरात परत येऊ."

गाडीतून सर्व्हेअरने पन्नास मीटरची टेप काढून खांद्यावर टाकली होती. खात्याची नव्हे, स्वतःची. टेप खांद्यावर असली की त्याची चाल बदलायची. माणूस पुढच्या कुंपणवाल्यांना नोटीस द्यायला निघाल्यासारखा दिसायचा.

फाटा आला. आता पळापळ नव्हती, धाप नव्हती, घड्याळ नव्हतं. नकाशा हातात होता, ऊनही मागून येत होतं.

"भाऊजी," मेहुणा मागून म्हणाला, "इथून डावीकडे."

"तुम्ही बोलायचं नाही," बाई त्याला म्हणाल्या. "पुन्हा बोललात तर साक्ष रद्द."

"नाही, फक्त—"

"बोलायचं नाही म्हटलं ना."

सर्व्हेअरने मान वळवून मेहुण्याकडे असं पाहिलं, जसं शेताच्या बांधावर आडव्या आलेल्या बकरीकडे पाहतात. आणि तो सरळ चालू लागला. मघाशी तो दहा सेकंदं वाचवायला सरळ गेला होता. आता त्याच्याकडे अख्खी सकाळ पडलेली होती, तरीही तो सरळच गेला, कारण मेहुणा डावीकडे म्हणाला होता.

खडकापाशी पोचल्यावर त्याने पेटीवर बोट ठेवलं. "ही सत्तेचाळीसची जागा. ही घळ, हा माथा, ही खडकाची पूर्व. आणि हा बावन्न नंबर. आता बाईंनी सांगावं."

सेक्रेटरीने मोज्यांवरचं कुसळ काढलं आणि विचारलं, "फाट्यापासून इथलं अंतर नकाशावर किती भरतं?"

"एकशे चाळीस मीटर."

"मग टेप आहेच की."

टेप ताणली गेली. एक टोक सर्व्हेअरच्या हातात, दुसरं सेक्रेटरीच्या. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे. झाडांना वळसे घालायचे नाहीत, टेप सैल सोडायची नाही, खाली फांदी आली तर उचलायची, सगळं सर्व्हेअरने नीट समजावलं. तीस वर्षांचा हात होता, चूक होणं शक्य नव्हतं. दोनशे बत्तीस भरले.

"बघा," सर्व्हेअर म्हणाला, "नकाशातच ब्याण्णव मीटरची चूक आहे. मी म्हणत होतो."

"नंबर माझा चुकला," बाई म्हणाल्या. "नकाशा चुकला. आता जंगल तेवढं राहिलं. त्याला काय म्हणायचंय?"

"बाई, मी तीस वर्षं—"

"माहीत आहे. या इकडे."

त्या उजव्या-डाव्याची कसलीही चर्चा न करता बाजूच्या चढणीवर चढल्या. दीडशेएक पावलं. पलीकडे आणखी एक घळ होती. माथ्याशी मोठा खडक. खडकाच्या पूर्वेला केशरी-पांढरी झेंडी. आणि झेंडीभोवतीचं गवत सकाळपासून सव्वीस जोडी बुटांनी तुडवून तुडवून असं आडवं झालं होतं, की तिथे लग्नाचा मांडव पडला असावा. क्लबात त्या दिवशी या वाटेने धावणारी माणसं होती सत्तावीस.

मेहुणा वाकला. सवयच ती. त्याने पेटीवरचा नंबर वाचला, हातातल्या कागदावरचा वाचला, पुन्हा पेटीवरचा वाचला. सत्तेचाळीस.

सर्व्हेअर खडकाभोवती एक फेरी मारून आला. त्याने उतार बघितला, घळीचा कोन बघितला, नकाशा उलटा धरून बघितला. शेवटी म्हणाला, "हा खडक नकाशात जरा लहान दाखवलाय."

"जरा," बाई म्हणाल्या. "अर्ज पुढे चालवायचा की मागे घेताय? पुढे चालवला तर कागद लागतील, वरच्या मंडळाला पाठवावा लागेल, आणि ते हीच टेप मागतील."

सर्व्हेअर टेप गुंडाळत होता. हळूहळू, प्रत्येक वेटोळं तपासून. नऊ वर्षांत रिलेला तो जंगलातून बाहेर पडताना लोक टाळ्या वाजवायचे, ते त्याला आठवत नव्हतं असं नाही. त्याला हेही दिसत होतं की मेहुणा त्याच्याकडे बघायचं टाळतोय, आणि ते टाळणं त्याला हसण्यापेक्षा जड जात होतं. हसला असता तर त्याचा बंदोबस्त करता आला असता.

"मागे घेतो," तो म्हणाला.

"कारण लिहा."

अर्जाच्या खाली एक ओळ होती: तक्रार मागे घेण्याचं कारण. सर्व्हेअरने सेक्रेटरीच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं, "वेळेअभावी." सही केली, सहीखाली तारीख घातली. बाईंनी ते वाचलं, कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला तोंडाने काही म्हणायची गरज पडत नाही.

परत येईपर्यंत फळ्यावर संघ लागला होता. सेक्रेटरी, पोस्टमन, केमिस्ट. पोस्टमनने मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "गोगलगाय, शेवटच्या टप्प्याला तू धावणार की चालणार?"

"चालीन," मेहुणा म्हणाला. "वाटलं तर थोडा धावीन."

सर्व्हेअर गाडीच्या डिकीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता तेव्हा बायकोचा फोन आला.

"अहो, झाली का शर्यत? तिसरी जागा कोणाला?"

"घरातच राहिली," तो म्हणाला.

तीस वर्षांत तिने त्याच्या बोलण्यातली अंतरं टेपशिवाय मोजायला शिकून घेतलं होतं.

"बरं," ती म्हणाली, "द्या त्याच्याकडे फोन."

सर्व्हेअरने एका पायातला बूट तसाच ठेवून, दुसरा हातात घेऊन, फळ्यापर्यंत जाऊन फोन दिला.