नितळबाबाचा पेला आणि गावाचा गृहपाठ

शाळेच्या व्यायामशाळेत मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. ज्या जमिनीवर महिनोन् महिने पट्टी धरून अंतर मोजलं, पिवळ्या फिती चिकटवल्या, पोरांना "फितीबाहेर पाय नको" म्हणून घसा कोरडा केला, त्याच जमिनीवर आज मोठी माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली होती. फिती पायांखाली, मास्क हनुवटीखाली आणि अक्कल कुठे ते विचारू नका. सगळ्यांच्या माना बास्केटबॉलच्या जाळीकडे वळलेल्या. जाळीखाली टेबल, टेबलावर काचेचे पेले, दोन बाजूंना दोन मोठ्या सुरया, आणि मधोमध नितळबाबा.

बाबा दिसायला झकास. पायघोळ पांढराशुभ्र झगा आणि गळ्यात डॉक्टरची नळी. म्हणजे ज्याला देव हवा त्याला देव मिळावा, आणि ज्याला डॉक्टर हवा त्याला डॉक्टर.

"शास्त्रज्ञ म्हणतात, विषाणू डोळ्यांना दिसत नाही," बाबा गोड आवाजात म्हणाला. "त्यांना कसा दिसणार? त्यांचे डोळे पगारी! मी दाखवतो. हे डोंगरापलीकडच्या गुप्त झऱ्याचं पाणी. असं पाणी दुसऱ्या कुणाकडे नाही. ये ताई, फुंक. माणूस खोटं बोलतो, श्वास बोलत नाही."

शाळेच्या स्वयंपाकघरातली काकू बिचकत पुढे झाली. बाबाने डाव्या सुरईतलं पाणी पेल्यात ओतलं, नळी तिच्या हातात दिली. काकूने फुंकलं. बुडबुडे आले, आणि बघता बघता काचेसारखं पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"अगं बाई!" काकूला रडूच फुटलं. "मला झाला हो! माझी पोरं..."

"रडू नकोस. मी आहे ना?" बाबाने कुपीतले चार थेंब टाकले. पेला ढवळला. पांढरेपणा विरघळला, पाणी पुन्हा नितळ. "गेला! थेंब घरी ने, रोज घे."

टाळ्यांनी छत हाललं. मग शाळा मंडळाचे अध्यक्ष पुढे झाले. हेच बाबाला गावात आणणारे. त्यांच्यासाठी बाबाचा हात उजव्या सुरईकडे गेला, पण ते कोण पाहतंय? अध्यक्षांनी गाल फुगेस्तोवर फुंकलं. पाणी नितळच्या नितळ.

"बघा! रोज थेंब घेणारा माणूस!" अध्यक्ष गर्दीकडे वळले. "शुक्रवारी मंडळाची सभा आहे. ठराव तयार आहे. सोमवारी सगळ्या शाळा उघडतील. दारात पेला. नितळ असेल तो आत, पांढरा असेल तो थेंब घेऊन आत. ते मास्क, त्या उघड्या खिडक्या, ते एकाआड एक बाक, त्या दवाखान्यातल्या तपासण्या, सगळं बंद!"

मागच्या दाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या. गावातल्या सगळ्या सरकारी शाळांचा कारभार त्यांच्याकडे. त्या खुर्चीत बसण्याआधी त्यांनी उभी हयात पोरांना विज्ञान शिकवण्यात घातलेली. बाबाचा पेला त्या आज पहिल्यांदाच पाहत होत्या, कारण इतके दिवस त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कुणाच्या घरी पडद्यावरचा वर्ग दिसत नाही, कुठल्या वस्तीत जेवणाचे डबे पोहोचले नाहीत, कुठले मास्तर आजारी, कुठल्या बाई विलगीकरणात. आणि या सगळ्यावर धाकटी.

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. पहिलीला शिकवायची. लहानग्यांचा एक वर्ग चालवून पाहायचं ठरलं, तेव्हा अध्यक्षांच्या सांगण्यावरून त्या वर्गाच्या दारात बाबाचा पेला ठेवला होता. धाकटी खोकत होती, अंग मोडून आलं होतं, पण रोज सकाळी पेला नितळ. "तू शुद्ध आहेस, जा शिकव," बाबा म्हणायचा. एका सकाळी ती फळ्यापाशीच कोसळली. आता घरी असते, नाकात प्राणवायूची नळी घेऊन. दोन पायऱ्या चढली तर ओठ निळे पडतात.

पेल्यातलं पाणी पांढरं होताना पाहिलं आणि मोठ्या बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मग त्या प्रकाशाचा जाळ झाला.

"थांबा!" त्या ओरडल्या. "अहो, हे तर साधं..."

"मोठ्या बाई," अध्यक्षांनी हात जोडल्यासारखं करून त्यांना गप्प केलं, "तुमच्या घरावर काय ओढवलंय ते आम्ही जाणतो. म्हणून तुमचं बोलणं कडू होतंय. आम्ही मनावर घेत नाही."

"बसा खाली!" कुणीतरी खेकसलं. "शाळा बंद ठेवून पगार खायचा असेल!"

बाबाने डोळे मिटले, मान कलती केली. "बहीण ना? चांगली मुलगी. तिची श्रद्धा कमी पडली."

मोठ्या बाईंनी जिभेवर आलेलं गिळलं. दार उघडून त्या बाहेर पडल्या. त्यांना आतून ओळखणारं कुणी तिथे असतं, तर त्या गप्प बसण्यानेच त्याला घाम फुटला असता.

घरी धाकटी खिडकीशी उशीला टेकून बसली होती. कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं.

"कशाला गेलीस तिथे, ताई?" एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली.

"तुला पहिल्या दिवशी पेला पांढरा झाला होता?"

"झाला. थेंब टाकले. निवळला. मग रोज नितळ."

"अगं ए शहाणे, शाळेत श्वासोच्छ्वासाचा धडा होता तेव्हा झोपली होतीस काय? नळीतून फुंकल्यावर कुठलं पाणी दुधासारखं होतं?"

धाकटीचे डोळे मोठे झाले. "चुन्याची निवळी?" ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि खोकता खोकता रडायला. "मी शिक्षिका गं, ताई. निवळीत फुंकत होते. आणि घाबरत होते."

"तू एकटी नाहीस. अख्खं मंडळ फुंकतंय. भीतीने माणसाची पाटी कोरी होते."

"पोलिसांत जा."

"जाणार. पण आज गेले तर उद्या तो हुतात्मा. लोक म्हणतील, कडू तोंडाच्या बाईने साधू छळला. त्याला आत मी नंतर घालीन. आधी त्याला पोरं हसली पाहिजेत. 'श्रद्धा कमी पडली' म्हणाला तुला!"

"तुझं... कोण ऐकणार?"

"माझं नाही ऐकणार. गृहपाठाचं ऐकतील."

शाळा बंद होत्या, तरी शाळेच्या बसगाड्या बंद नव्हत्या. दर आठवड्याला त्या घरोघर जात. जेवणाचे डबे आणि पोरांच्या गृहपाठाची पाकिटं दारात ठेवायची, घंटी वाजवायची आणि मागे सरायचं. गावातलं एकही पोराचं घर त्यातून सुटत नसे. मोठ्या बाईंनी विज्ञानाच्या शिक्षकांना प्रयोगशाळेत बोलावलं. खिडक्या सताड उघड्या टाकून सगळे कामाला लागले. चुना पाण्यात कालवला, गाळ बसू दिला, वरचं नितळ पाणी छोट्या बाटल्यांत भरलं. प्रत्येक पाकिटात एक बाटली आणि नळ्यांची जुडी.

बसगाड्यांचे मुख्य, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते पाकिटांच्या ढिगाकडे पाहून वैतागले. "बाई, कागद झाले, डबे झाले, आता बाटल्या! माझी बस आहे का वाण्याचं दुकान?"

"सांडू नका, मामा."

"सांडायचा नाही एक थेंब. पण आहे काय हे?"

"गृहपाठ."

"कोणत्या इयत्तेचा?"

"गावाच्या."

मामांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही. बाटल्या मात्र अंड्यांसारख्या जपून नेल्या.

गृहपाठ असा होता. पडद्यावर वर्ग भरला असताना घरातल्या प्रत्येकाने नळीतून पाण्यात फुंकायचं. फुंकायचं, ओढायचं नाही. मग सोड्याची बाटली हलवून तिच्यातून सुटणारी हवा दुसऱ्या पेल्यात सोडायची. शेवटी स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचे थेंब टाकायचे. शिक्षकांनी कारण सांगायचं नाही. मोठ्या बाईंची सक्त ताकीद होती.

अध्यक्षांच्या घरी त्यांची चौथीतली नात पडद्यासमोर बसली होती.

"आजोबा, फुंका ना!"

"मला वेळ नाही, बाळ."

"माझे मार्क जातील! सगळ्यांचे आजोबा फुंकतायत."

पडद्यावरच्या चौकटींतून पोरांचे डोळे आजोबांवर रोखलेले. अध्यक्षांनी मोठ्या रुबाबात फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"अय्या! आजोबा, तुम्हाला झाला!"

"छे! त्या दिवशी तर नितळ होता. पाणीच खराब असेल."

"आजीचा पण पांढरा! पण आजी तर घराबाहेर गेलीच नाही." नातीने आपला पेला वर धरला. "माझा पण. थांबा, आता सोडा." तिने बाटली हलवली, नळीतून हवा बुडबुडत आत गेली आणि दुसरा पेलाही पांढराफटक. नात आ वासून पाहत राहिली. मग साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजोबा, सोड्याला पण झाला! बाटलीला दवाखान्यात न्यायचं का?"

चौकटी चौकटींतून हसू फुटलं. कुणाच्या घरी आई, कुणाच्या घरी काका, सगळ्यांच्या हातात पांढरे पेले. नातीने व्हिनेगरचे थेंब टाकले, पाणी निवळलं. तिने बाबाची कुपी उघडून नाकाशी धरली.

"शी! वास तोच आहे."

अध्यक्ष तिथेच खुर्चीत बसले. त्यांच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

शुक्रवारची सभा मोठ्या बाईंनी मैदानात घ्यायला लावली, माणसामाणसांत अंतर ठेवून. पोरं आली, पोरांमागे आईबाप आले. प्रत्येकाच्या हातात पेला होता.

बाबाला वाऱ्याचा अंदाज आला होता, पण अशी माणसं सहजासहजी हटत नाहीत. "घोर संकट!" त्याने हात वर केले. "अख्ख्या गावाला लागण झालीय. सगळ्यांनी दुप्पट थेंब..."

"आणि सोड्याला?" अध्यक्षांची नात पुढून ओरडली.

मैदान फिदीफिदी हसलं.

"सोडा मुळातच अशुद्ध," बाबा म्हणाला.

"बरं," मोठ्या बाई शांतपणे पुढे आल्या. "तुम्ही तर शुद्ध ना? मग तुम्हीच फुंका."

बाबाचा हात सवयीने उजव्या सुरईकडे गेला.

"ती नको. स्वयंपाकघरातल्या काकूंना दिलंत ना, त्या डाव्या सुरईतलं."

आता मागे फिरायला वाट नव्हती. बाबाने नळी तोंडात धरली आणि गालांतली हवा हळूच सोडली.

"गालांतून नको," बाई म्हणाल्या. "छातीतून येऊ द्या. तुमची श्रद्धा कमी पडायला नको."

त्याने फुंकलं. फुंकावंच लागलं. पाणी पांढरं झालं, आणि पोरांनी अशी आरोळी ठोकली की शाळेच्या छपरावरची पाखरं उडाली.

"आता ऐका," बाई गावाकडे वळल्या. "डाव्या सुरईत चुन्याची निवळी आहे. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. निवळीत तो गेला की पाणी पांढरं होणारच, तुमचं, माझं, पहिलवानाचं, बाळाचं. सोड्यातले बुडबुडे त्याच वायूचे, म्हणून सोडाही पांढरा करतो. आंबट थेंबांनी तो पांढरेपणा विरघळतो. उजव्या सुरईत नळाचं पाणी. त्यात जन्मभर फुंका, काही होणार नाही. आजार यातल्या कशातही दिसत नाही. कुठला झरा नाही आणि कुठला डोंगर नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे याच शाळेत करून पाहिलंय."

माना खाली गेल्या. बाई बाबाकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"माझी बहीण खोकत होती. तिला रोज सकाळी कोणत्या सुरईतलं दिलंत?"

बाबा झग्याची बाही सारखी करू लागला.

"लहान पोरांच्या वर्गात पाठवण्याआधी. कोणत्या?"

"...उजव्या."

"का?"

"थेंब घेऊनही पेला पांढरा झाला असता, तर..." तो चाचरला. "तर थेंब कुणी घेतले नसते."

हसणं एकदम थांबलं. काकूने आपला पेला बाबाच्या पायांपाशी रिकामा केला. मग दुसऱ्या कुणी, मग तिसऱ्याने. पांढऱ्याशुभ्र झग्याची किनार चिखलात बुडाली, तरी त्याला जागचं हलता येईना.

पोलीस फाटकाशी उभेच होते. बाईंनी बोलावून ठेवले होते.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण मागच्या दाराने नको. पोरांच्या पुढून न्या. आणि सावकाश."

बाबाने मान खाली घातली. आणि गावात आल्यापासून पहिल्यांदाच त्याने मास्क नाकावर चढवला.

अध्यक्ष हळूच जवळ आले. "मोठ्या बाई, ठराव मागे घेतो. माझं चुकलं. मी मनापासून..."

"माफी मला नको. जिचा श्वास गेला तिच्या दारात जा, ती देते का बघा. मी तिच्या जागी असते तर दिली नसती." बाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला मात्र पैकीच्या पैकी."

शाळा त्या सोमवारी उघडल्या नाहीत. दवाखान्याने हो म्हटलं तेव्हा उघडल्या, उघड्या खिडक्यांनी, एकाआड एक बाकांनी. बाबाला शिक्षा झाली. थोडीच झाली, असं मोठ्या बाई अजून म्हणतात.

त्या शुक्रवारी सभेहून परतल्यावर मोठ्या बाई उरलेली एक बाटली घेऊन धाकटीपाशी बसल्या. धाकटीने नळी ओठांत धरली. एक बुडबुडा आला. थांबली. दुसरा आला. गावाचं पाणी क्षणात पांढरं झालं होतं; हिला पार दिवेलागण झाली. पण झालं.

"झालं की गं, ताई," ती पेला उजेडात धरून म्हणाली.

"होणारच. तू जिवंत आहेस."

तर बायांनो, बाप्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा. फुंकूनही ज्याचा पेला नितळ राहतो, त्याचं पाणी तपासा. कुणी तुमच्या श्वासात पाप, विष, आजार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी विचारा: यातलंच पाणी तू पिशील का, यातच तू फुंकशील का, आणि दुसऱ्या सुरईत काय आहे? विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारण्याची किंमत मात्र माझ्या माहितीतल्या एका घरात अजून कोपऱ्यात घरघरतेय.