तीन आणि आठ

गुरुदासांचं बारावं झालं आणि घरातली माणसं आपापल्या गावी पांगली. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची लेक विमला त्यांच्या चार जुन्या वह्या पिशवीत घालून किनाऱ्यावर निघाली. वह्या मुंबईच्या मासळी-कचेरीच्या होत्या, त्या नव्या नोंदणीदाराकडे गेल्या पाहिजेत, असं तिनं आईला सांगितलं. खरं म्हणजे त्या वह्या असलेल्या खोलीत तिला बसवत नव्हतं.

गुरुदास नऊ वर्षं त्या किनाऱ्यावर नोंद ठेवत होते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली, की किती बांगडा लागला ते वहीत लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी नक्कल कचेरीला धाडायची. वही उघडायच्या आधी ते हात राखेनं घासून धूत, तरी पानांना वास लागायचाच. विमला अकराव्या वर्षी शिकायला मुंबईला मावशीकडे गेली. संख्याशास्त्र घेऊन बी. ए. झाली आणि त्याच कचेरीच्या गणित विभागात लागली. गावात गुरुदास सांगत, मी हयसून आकडे धाडतंय, ते थंय माझा चेडू वाचता.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी तिच्याकडे वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या बारा वह्यांच्या नकला तपासायला दिल्या. नोंदणीदार घरी बसून आकडे रचतात की काय, हे पाहायचं होतं. रीत सोपी होती. मोजलेल्या आकड्यांत शेवटी शून्यापासून नवापर्यंतचा कोणताही अंक सारख्याच वेळा यायला हवा. तसा येतो का, हे ‘काय-वर्ग’ नावाच्या संख्याशास्त्रातल्या कसोटीनं बघायचं; अंक जितके असमान, तितकं उत्तर मोठं. गुरुदासांच्या वहीतल्या तीनशे नोंदी तिनं घेतल्या. प्रत्येक अंक साधारण तीस वेळा यायचा, तर तीन आला चौऱ्याण्णव वेळा आणि आठ एकशे एक वेळा. कसोटीच्या छापील कोष्टकाचा शेवटचा रकाना अठ्ठावीसच्या आतच संपत होता, तिचं उत्तर तीनशे ऐंशीच्या वर गेलं. त्यावरून निघणारी शक्यता, जिला पी म्हणतात, हजारात एकापेक्षाही कितीतरी कमी.

वही वडिलांची आहे हे तिनं साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती दुसऱ्याकडे गेली असती, आणि आपण नातं बाजूला ठेवू शकतो हे तिला स्वतःला दाखवायचं होतं. तिला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचा थोडा अभिमानही वाटला. रचून लिहिणारा माणूस शून्य आणि पाच टाळतो, तीन-आठ त्याला खरे वाटतात, असा तर्कही तिनं जोडून दिला. शेरा लिहिला: ‘नोंदी बनावट असल्याचे सिद्ध होते.’

त्या मे महिन्यात ती रजेवर घरी आली, तेव्हा गुरुदासांनी कचेरीचा कागद तिच्यापुढे ठेवला. त्यांची नोंद बंद केली होती. कागदावर पी असं लिहून पुढे दशांश चिन्ह आणि शून्यं होती.

“ह्या काय गो?” त्यांनी विचारलं.

“आकडे खरे असण्याची शक्यता, बाबा. हजारात एकसुद्धा नाही.” कचेरीतलं बोलताना ती घरातही शुद्ध बोलायची.

त्यांनी कागदाची घडी घातली. “मगे हजारातलो एक दिवस तरी कोणी येवन बघूचा होता,” म्हणाले, आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. किनाऱ्यावर जायचंही त्यांनी सोडलं. कोणी बोलवायला आलं तर पाय दुखतो म्हणत.

आता वह्या घेऊन विमला किनाऱ्यावर पोचली तेव्हा रापण वर आली होती. माणसं दोर गुंडाळत होती आणि वाळूवर बांगड्याची मोजणी चालली होती. मोजणारा एका हातात दोन, एका हातात तीन असे पाच बांगडे उचलून टाकत होता. शेवटी पाच भरेनात, तेव्हा उरलेले बांगडे दोर ओढणाऱ्या पोरांकडे गेले. मग त्यानं शेवटच्या पाचांतले दोन काढून बाजूला उभ्या असलेल्या हौसाबाईच्या टोपलीत टाकले आणि एकूण आकडा मोठ्यानं सांगितला. त्या आकड्याच्या शेवटी आठ होते.

विमला जागीच थांबली. हौसाबाईचा नवरा समुद्रात गेला, त्या वर्षापासून ते दोन बांगडे तिच्या घरी जात. कर्ता पुरुष समुद्रानं नेला, की त्या घराचा वाटा मोजून झालेल्या पाचांतून काढायचा, ही इथली रीत. पाचांच्या पटीतून दोन गेले, की शेवटी तीन नाहीतर आठच राहतो; शेजारच्या देवबागच्या होड्या येऊन त्यांची मासळी मिसळली तरच तो अंक बदले. लहानपणी ते दोन बांगडे पानात गुंडाळून हौसाबाईकडे पोचवायचं काम विमलाचंच होतं. फ्रॉकला वास लागतो म्हणून ती कुरकुरायची. आणि त्याच तीन-आठांकडे मुंबईत ती दोन दिवस बघत बसली होती, तेव्हा तिला एकही मासा आठवला नव्हता.

“मुंबयच्या बायक आता मासळेचो वास सोसता मां?” हौसाबाईनं विचारलं. विमलानं पिशवी उघडली. तिनं वह्या दत्तारामापुढे धरल्या. गुरुदासांच्या जागी आता तो होता. मोजणाऱ्यानं सांगितलेला आकडा तो वहीत उतरवत होता. तिनं वाकून पाहिलं, तर शेवटी आठाच्या जागी एक होता.

“आठ होते ना?”

“होते. पण आठ लिवक परवानगी नाय,” दत्ताराम म्हणाला. “तीन नि आठ लय येतत म्हणान काकांची वही बंद केल्यानी. मी म्हटलंय, नको तर नको. आज एक, उद्या सात, परवा चार. धाय आकड्यांका सारखो मान. गेल्या वर्सा माका शाबासकीचो कागद इलो.”

तो शेराही विमलाचाच होता. ‘नोंदी उत्तम जुळतात.’

“काकांची नोंद एकदम खरी,” दत्ताराम म्हणाला, “म्हणानच ती गेली. खुर्चयेत बसान कोण शहाणो तपासता, देवाक ठावक.”

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. तिचं नाव त्या कागदावर नव्हतं, आणि विचारणारा एकच माणूस होता, तो गेला होता. जर आपली कल्पना बरोबर असेल, तर असे आकडे दिसण्याची शक्यता इतकी, हे वाक्य तिनं परीक्षेत अचूक लिहिलं होतं. वडिलांना सांगताना तिनं त्यातला ‘जर’ गाळला, आणि सगळे अंक सारखे येतात या कल्पनेवर यायचा संशय माणसावर टाकला.

“ता मी केलंय, दत्ताराम,” ती म्हणाली. “बाबांची वही मीच तपासलंय. तुझी पण.”

दत्तारामाचा हात थांबला. हौसाबाईनं टोपली खाली ठेवली.

“बापाशीक ठावक होता?” हौसाबाईनं विचारलं.

“नाय.”

“तुका इचारल्यान नाय?”

“इचारल्यान. मी सांगलंय, हजारात एकपण नाय.”

दत्तारामानं वही मिटली. मग दत्ताराम म्हणाला, “तोंडचा माका नको. उद्या मी खरा लिवलंय, तर माझी पण वही बंद. तू कागद लिवन दी. एक कचेरीक, एक माका.”

“त्या दोन बांगड्यांर माझी पोरां वाढली,” हौसाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. “ता पण लिव.”

दत्तारामानं आपल्या वहीतले दोन कागद फाडून दिले. विमला पालथ्या घातलेल्या होडीपाशी बसून लिहू लागली. मोजणीची रीत लिहिली. दोन बांगडे कुठे जातात ते लिहिलं. पी लहान आला म्हणजे सारख्या अंकांची कल्पना नोंदींशी जुळत नाही, एवढंच कळतं. का जुळत नाही ते कळत नाही, आणि माणूस खोटा आहे हे तर मुळीच कळत नाही. मोठा आला म्हणूनही नोंद खरी ठरत नाही. इथवर हात अडला नाही.

पुढचं वाक्य तिनं कचेरीच्या वळणानं सुरू केलं: ‘तपासनिसाच्या नजरचुकीने असा निष्कर्ष’. दत्ताराम तिच्या खांद्यावरून वाचत उभा होता. तिनं ते खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं: ‘मी माझ्या वडिलांना खोटे ठरवले.’ मग दुसरा कागद घेतला आणि हेच वाक्य सगळ्यांत आधी लिहून घेतलं.