साडेपाच तासांचे नऊ तास

चाकणच्या एका कंपनीत रंगरावांनी पस्तीस वर्षं कामगारांच्या बसचं टाइमटेबल बसवलं. त्यामुळे रिटायर झाल्यावरही दिघीत त्यांना लोक वेळच विचारत. आकुर्डी स्टेशन म्हटलं की "पस्तीस मिनिटं, सोमवारी पंचेचाळीस." हा माणूस कधी चुकल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, त्यांना स्वतःला तर मुळीच नाही.

मुलगी वर्षाली फ्रँकफर्टला, पहिलं बाळंतपण तोंडावर. बायको शालनबाई आधी एकट्या जाणार, रंगराव बारशाला. बाईंची अट एकच: प्रवास सहा तासांच्या आत हवा. त्यापुढं त्यांचा जीव कासावीस होतो.

रंगरावांनी तिकीट पाहिलं. मुंबईहून दुपारी एकला, पोच साडेसहाला. "साडेपाच तास. बिनघोर जा."

निघायला आठवडा असताना शेजारचा जयदीप चहाला आला. हिंजवडीचा आयटीवाला, रोज जर्मन लोकांशी बोलणारा.

"काका, साडेसहा हजार किलोमीटर साडेपाच तासांत? विमान आहे की रॉकेट?"

"वर रस्ता मोकळा असतो."

"अहो, तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागं! तिथं साडेसहा, तेव्हा आपल्याकडं दहा. नऊ तास लागतात."

रंगराव दोन दिवस तिकीट पुन्हा पुन्हा काढून बघत राहिले. सांगावं तर बायको अडून बसणार आणि पोरगी एकटी पडणार. न सांगावं, तर ही आभाळात सातव्या तासाला कुणाकडं बघणार? तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं.

"नऊ?" शालनबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "मग मी न्हाई जात. लेकीला कळवा, बापाला घड्याळ कळत न्हाई म्हणून."

पण ट्रायल घेतल्याशिवाय रंगरावांनी एकही रूट कधी बाद केला नव्हता. "उद्या नऊ तास बसमधी बसून बघू. न्हाई जमलं तर तिकीट रद्द."

सकाळी आठला दोघं निघाले. बस बदलण्यापुरतंच उठायचं, असा नियम. हिंजवडीच्या ट्रॅफिकनं दोन तास आयते दिले. दुपारी दोनला सहा भरले. शालनबाई लिंबू हुंगत होत्या, पण ताठ होत्या.

"जमतंय की!"

"तुमी शेजारी हाय म्हणून. तिथं कोण असणार? जावा, पुढं बसा."

रंगराव पुढं जाऊन बसले. मग प्रत्येक बसमध्ये तेच, ते पुढं, बाई मागं. आणि दर स्टॉपला यांची मान मागं.

शेवटच्या बसला कंडक्टरनं विचारलंच, "काका, कुणी राहिलंय का मागं?"

मागं शालनबाईंनी एका कॉलेजच्या मुलीला लेकीचे डोहाळे सांगून संपवले होते, आणि आता तिच्याच खांद्यावर डोकं टेकून त्या गाढ झोपल्या होत्या.

पाच वाजले. नऊ तास भरले.

"काका, दिघी आलं. उतरा."

रंगराव उठले, पण दाराकडं गेले नाहीत. "आळंदीपर्यंत दोन द्या," म्हणाले. त्या मुलीला खुणेनं उठवलं आणि तिच्या जागी अलगद जाऊन बसले.