गार्ड लावल्याशिवाय नाही

हाताची पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गायत्रीने डबा भरला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्ध्यातून गेलेली.

सासू, शोभाबाई, दारातच आडवी उभी राहिली. "आते कसाले जास तठे? घर बस ना, माय."

"कामले जास," गायत्री म्हणाली आणि चपला घालून निघाली. गोडादऱ्याच्या वस्तीतून उधन्याच्या कारखान्यापर्यंत रिक्षात शेजारची बाई हाताकडे टक लावून बघत होती. गायत्रीने हात पदराखाली घेतला नाही.

जिग्नेशभाईंच्या कारखान्यात दुकानांच्या पाट्या नि शोरूमचे पॅनेल बनत. प्लास्टिकच्या कडक फोमशीट गोल पात्याच्या मशिनवर कापायच्या, मग त्यातून अक्षरं काढायची. बाया अक्षरं घासायच्या, चिकटवायच्या. गायत्रीने भांडून कटिंग शिकून घेतलं होतं. शीट घाईने ढकलली तर कड तुटते, रेंगाळली तर प्लास्टिक वितळून पात्याला धरतं. कुठवर ढकलायचं ते तिला आवाजावरून कळायचं. पण बारीक पट्ट्या कापताना पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड, आड येतं, वेळ जातो, म्हणून शेठने ते काढायला लावलं. मग एक पट्टी पात्यात अडकून उसळली आणि गायत्रीचा हात आत ओढला गेला.

"या, गायत्रीबेन," जिग्नेशभाई गोड आवाजात म्हणाले. "तुमच्यासाठी हलकं काम काढून ठेवलंय. बसून अक्षरं घासा. मशिनवर आता हिलाल आहे."

"मी कटिंगवाली आहे, शेठ."

"अरे, तमारो हाथ तो जुओ!"

"रोज बघते."

ती सरळ मशिनपाशी गेली. पांढऱ्या भुशाने माखलेला हिलाल मान खाली घालून शीट ढकलत होता. पातं उघडंच होतं. त्याची शीट पार झाली तशी गायत्रीने लाल बटण दाबलं. पातं घरघरत थांबलं.

"गार्ड कुठंय, हिलालभाऊ?"

हिलालने शेठकडे पाहिलं. "शेठ म्हणाले, राहू दे..."

"माझी बोटं गेली तरी राहू दे?"

जिग्नेशभाई तरातरा आले. "कामरेजच्या शोरूमचा माल आज जायचाय! चालू कर, हिलाल."

गायत्री बटणावर तळहात ठेवून उभी राहिली. तोच डावा हात. "गार्ड लावल्याशिवाय हे मशिन चालणार नाही. मला हाकलायचं तर हाकला. पण आधी हा हात उचलून बाजूला करा."

घासकामाच्या बाया थांबल्या. हिलाल काही क्षण घुटमळला. मग तो रद्दी शीटच्या ढिगामागे गेला, गार्ड ओढून काढलं, पाना घेऊन आला आणि बोल्ट आवळू लागला. शेठ त्याच्यावर ओरडले. त्याने वर पाहिलं नाही.

गार्ड बसलं. गायत्रीने शीट टेबलावर घेतली, मशिन सुरू केलं आणि पात्याचा आवाज ऐकताच शीटवरचा हात मागे घेतला. तिने मशिन बंद केलं.

"बघा! सांगत होतो ना मी?" शेठ म्हणाले.

ती घोटभर पाणी प्यायली. हात पदराला पुसले आणि मशिन पुन्हा सुरू केलं. या खेपेला शीट पुढे सरकली. शेवटचा भाग तिने लाकडी काठीने ढकलला. कड सरळ, स्वच्छ निघाली.

"आणि बारीक पट्ट्या?" शेठ गुरगुरले.

"त्याही अशाच. वेळ लागेल. घाई असेल तर तुम्ही स्वतः उभे राहा इथं."

माल त्या दिवशी गेला नाही, दुसऱ्या दिवशी गेला. जिग्नेशभाई दिवाळीपर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत. पण गार्ड काढायला त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही, आणि कटिंगवर गायत्रीच राहिली.