हातभर जादा जागा

“बसणार कोण कोण, ते आधी सांगा. मग लाकडाला करवत लावतो.”

मित्रांनो, माझ्या कानी पडलेले हे पहिले वाक्य. मी एक जुने, लांबरुंद लाकडी टेबल आहे. दृष्टी नसलेल्या मुलांच्या निवासी शाळेत माझे आयुष्य गेले. ते वाक्य मला घडवणाऱ्या सुतारमामांचे. शाळेने सहा-सात माणसे सांगितली, तरी मामांनी मला हातभर लांबच केले. म्हणाले, “एक माणूस हमखास मागाहून आठवतो. त्याची जागा आधीच ठेवलेली बरी.” मग त्यांनी माझ्या कडेवरून तळवा फिरवला, कुणाला कुसळ बोचू नये म्हणून. तो स्पर्श मी विसरले नाही.

माझ्याभोवती बसूनच शाळेची बांधकामे ठरली. जेवणघराच्या वेळी आधी नकाशे पुरे झाले, मग सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम दिले. रीत सरळ होती. पण खांब उभा राहिला तो नेमका दारासमोर. नकाशा काढणारा म्हणे, नकाशा नीट वाचा. बांधणारा म्हणे, नकाशा नीट काढा. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दोघांच्या मध्ये जात्यातल्या दाण्यासारख्या भरडल्या गेल्या.

त्या भांडणाला कंटाळून न्हाणीघरांचे काम, नकाशापासून नळापर्यंत, एकाच माणसावर सोपवले. काम झटपट झाले. तंटा नाही, बखेडा नाही. फक्त गरम आणि गार पाण्याचे नळ सारखेच गुळगुळीत निघाले, आणि बडबडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चिमुरडीचा हात पोळला. त्या माणसाला मी बोल लावत नाही. माझ्याजवळ बसवून त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते.

पुढे कचेरीत काचेचे टेबल आले आणि मी अडगळीच्या खोलीत गेले. अंगावर मोडके बाक, खाली ओल. एका पायाला वाळवी लागली. पण मित्रांनो, देव दिवस दाखवतो तसे ते फिरवतोही.

शाळेला नवे वर्ग हवे होते, तेही मुले राहत असतानाच, अंगणात. मुलांना दुसरे घर नव्हते. पुन्हा कुणाला इजा झाली तर? ही काळजी मोठ्या बाईंना सोडत नव्हती. शेवटी त्यांनी ठरवले की नकाशे काढणाऱ्या ताई आणि बांधणारे दादा यांना पहिल्या दिवसापासून एकत्रच बसवायचे. काचेच्या टेबलाभोवती इतकी माणसे मावेनात, म्हणून मला पुसून बाहेर काढले.

खजिनदारकाका कुरकुरले, “बाई, नकाशाची एक रेघ नाही आणि बांधणाऱ्याला आवतण? घोडं नाही, अन् लगाम कशाला?”

“वरातीमागून घोडं दोनदा आणलं, काका. या खेपेला आधी आणू.”

“आणि दर?”

“त्यांनी बांधलेल्या इमारती मी स्वतः पाहून आले. नकाशा पुढे सरकेल तसा खर्च सगळ्यांसमोर मांडायचा. परवडेना, तर काम सुरू करायच्या आधीच थांबायचं.”

बांधणारे दादा फार थोडे बोलत. कशालाही उत्तर एकच, “हूं.” मुलांनी त्यांचे नाव हूंदादा ठेवले होते. पण नकाशा आकाराला आल्यावर एका बैठकीत ताईंच्या रेघेवर बोट ठेवून ते बोलले, “अंगणातली ही भिंत आधी पाडावी लागेल. नाहीतर सामानाची गाडी आत येत नाही.”

“पाडा की! जुनीच तर आहे,” काका म्हणाले.

माझ्या टोकाला, मामांनी ठेवलेल्या त्या जादा जागेवर, मोठ्या बाईंनी बडबडीला बसवले होते. ती आता मोठी झाली होती. तिने विचारले, “मग सकाळी वर्गात जाताना मी हात कशाला लावू?”

त्या भिंतीवरून बोटे फिरवत मुले बिनधास्त वर्गाकडे धावत. डोळस माणसांनी भिंत रोज पाहिली होती, तिचे काम मात्र कुणालाच दिसले नव्हते.

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. “माझ्या ध्यानातच आलं नाही गं. बरं झालं, अजून सगळं कागदावरच आहे.”

हूंदादांनी नकाशावरचे बोट भिंतीच्या पलीकडे सरकवले. “आधी पलीकडून लाकडी कठडा घालतो. तुम्ही पोरं त्याला सरावलात की मगच भिंतीला हात. आणि एकसुद्धा कुसळ बोचू देणार नाही.”

“नक्की? की नुसतंच हूं?”

“नक्की, माझे आई!” दादा हसले. काकाही हसले.

मित्रांनो, मोठ्या बाईंना बांधकामातले फारसे कळत नाही. पण कुणाला केव्हा बोलवावे, हे त्यांच्याइतके नीट जाणणारे माणूस मी पाहिले नाही. तुम्हीही काही उभारायला निघालात, तर ज्याला तिथे वावरायचे आहे त्याची खुर्ची आधी मांडा. आणि घरातले जुने टेबल अधूनमधून पुसत जा, एवढेच मागणे.

कठडा कालच पुरा झाला. आता सकाळ आहे. मुले प्रार्थनेला बसली आहेत, मजूर अजून यायचे आहेत. खिडकीतून मला हूंदादा दिसतात. वसतिगृहाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. लाकूड घासायच्या पॉलिश पेपरचा तुकडा खिशात ठेवला. मग डोळे मिटले, उघडा तळवा कठड्यावर टेकवला आणि वर्गांच्या दिशेने सावकाश चालू लागले.