हेर

लहानूची सकाळपासून फाटक ते ओटा, ओटा ते फाटक अशी वारी चालली होती. उभा जन्म रेल्वेच्या केबिनमध्ये गेलेला माणूस. गाडी लेट झाली तर कोणावर चडफडायचं हे त्याला पाठ होतं. आज चडफडायला कोणी नव्हतं. घोळ त्याचाच होता.

पौषातली पुनव, म्हणजे छेरछेरा. नवं धान घरात आलं की रायपूरभोवतीची गावं या दिवशी एकमेकांच्या दारी धान मागत फिरतात. पोरं, बाया, म्हातारे, सगळेच. मागणारा त्या दिवशी लहान होत नाही.

रायपुरातल्या गुढियारीचं भाड्याचं घर सोडून लहानू गेल्या वर्षी या गावात राहायला आला, आणि पहिल्याच छेरछेऱ्याला पोरांची टोळी दाराशी ओरडली, “छेरछेरा! धान हेर, हेरा!” छत्तीसगढीत हेर म्हणजे काढ. लहानूच्या मराठी कानांनी भलतंच ऐकलं. “मले हेर म्हणता बे? मी काय कोणाच्या खबरा काढून राहिलो?” काठी घेऊन तो चौकापर्यंत धावला. सगळा पारा, म्हणजे सगळी आळी, पोट धरून हसला, आणि यंदा शहाणा होऊन त्याचं घर टाळत होता. टोळी यायची, त्याच्या फाटकाशी मुकी व्हायची, पुढच्या दारी पुन्हा बोंबलायची. बायकोनं, सरलानं, भरून ठेवलेलं धानाचं सूप तसंच.

“गावानं वाळीत टाकलं म्हणा आपल्याले,” लहानू म्हणाला.

“मंग तुमीच जा ना मागाले.”

“मी? मागू?”

गाठ इथं होती. लहानूच्या आजानं विदर्भातल्या गावात टोपली घेऊन दारोदार भाकर मागितली होती. बापानं दीक्षा घेतली त्या दिवशी ती टोपली चुलीत घातली अन् पोरांना बजावलं, उपाशी मरा, हात पसरू नका. लहानूनं शेजाऱ्याकडे कधी विरजणही मागितलं नव्हतं.

“तवा आपणच मागायचं अन् त्यायनंच द्यायचं, म्हणून बाबानं टोपली जाळली,” सरला म्हणाली. “इथं कोण मागून राहिलं, पाहा तरी.”

समोर केवटाच्या, म्हणजे कोळ्याच्या, दारी एके काळी सगळं गाव ज्याच्या मालकीचं होतं त्या मालगुजाराची म्हातारी सून पदर पसरून उभी होती. केवटीण हसत हसत तिच्या पदरात ओंजळ टाकत होती.

लहानूनं पिशवी उचलली. ठेवली. बापाच्या फोटोकडे पाहिलं, चप्पल घातली, पुन्हा उचलली. म्हातारी घरी परतली तसा तो तिच्या ओट्याशी जाऊन उभा राहिला.

“छेरछेरा.” आवाज उसना आणल्यासारखा निघाला.

“अगा, जासूस भैया!” म्हातारी खिदळली. “मांगे बर आए हस? त पूरा बोल न गा!”

मागे पोट्टे जमले होते. लहानूनं पिशवी पुढं धरली.

“धान हेर... हेरा.”

सारी गल्ली हसली. गेल्या वर्षीचंच हसू, पण या वेळी लहानूही त्यात सामील झाला. पिशवीत सूपभर धान पडलं.

“अब मोर पारी,” म्हातारी म्हणाली. “तोर घर कब आवँव?”

“आत्ताच चाल, दाई!”

पोट्टे त्याच्याआधीच पळाले. लहानू म्हातारीला घेऊन पोचला तेव्हा फाटकाशी ही झुंबड, आणि सरलाचं सूप रिकामं.

“पाहून काय राहिले?” ती त्याच्या पिशवीकडे हात करून ओरडली. “हेरा ना लवकर!”