नाकाच्या मापाचा बूट

टाचणी नावाच्या शिलाईवालीला फीट आली की मुकादम आपल्या डाव्या पायातला बूट काढून तिच्या नाकाला लावायचा. बूट असा, की त्याच्या वासाने भिंतीवरची पाल शेपूट टाकून पळायची. आणि हे कुठे? तर बुटांच्या कारखान्यात! बाई दिवसभर हजार बुटांत बसलेली. वासाने फीट जाती, तर तिला उभ्या जन्मात आली नसती. पण मुकादमाला शहाणपण शिकवणार कोण?

एवढ्यावर भागलं नाही. "हिचा हात थरथरतो," म्हणत त्याने तिचं शिलाईमशीन काढून घेतलं, तिला दोरे कापायला बसवलं आणि मशीनवर स्वतःची मेहुणी चिकटवली.

पुढे डॉक्टरीणबाईंनी टाचणीचं रक्त तपासलं. थायरॉईड पार मंदावलेला. आधीपासूनच्या फिटेच्या गोळीला रोज सकाळी उपाशीपोटी दुसरी गोळी जोडली. वर्षभरात एक फीट नाही. 'मशीन चालवायला हरकत नाही' अशी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन ती मुकादमापुढे उभी राहिली.

"माझं मशीन द्या, मुकादम."

"असली चिठ्ठी आमची मांजरपण देईल," तो घोगरं हसला. "दोरे काप गुमान."

घोगरं? टाचणीने निरखून पाहिलं. डोळ्यांखाली सूज, भर उन्हाळ्यात स्वेटर, खुर्चीत बसल्या बसल्या पेंग. अगबाई, हे तर आपलंच गोळीआधीचं ध्यान! सांगावं का? शब्द ओठापर्यंत आले. तिने तोंड शिवून टाकलं. आणि जेवणाच्या सुट्टीत कातड्याचे तुकडे, आरी, मेणदोरा घेऊन आणखी काहीतरी शिवायला बसली. माप लांबूनच, डोळ्यांनी घेतलं.

चार महिन्यांनी मालकीणबाई पाहणीला आल्या आणि त्यांच्या पुढ्यातच मुकादम धाडकन आडवा झाला. हातपाय झाडू लागला.

"बूट आणा गं, बूट!" मेहुणी किंचाळली.

"खबरदार कुणी तोंडाशी काही नेलं तर!" टाचणीने त्याला कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली, डोक्याखाली मऊ कातडी सरकवली, घड्याळाकडे बघत बसली. दोन मिनिटांत झटके थांबले. हळूहळू तो भानावर आला, उठून बसला, पाणी प्याला, स्वतःचं नाव बरोबर सांगितलं. मग तिने खिशातून इवलासा बूट काढला, लेससकट, आणि त्याच्या नाकावर चढवला.

तंतोतंत बसला. पन्नास बाया पोट धरून हसल्या.

"हे काय चाललंय?" मालकीणबाई कडाडल्या.

"यांचंच औषध, बाई. चार वर्षं मला दिलं. म्हटलं, यांना लागू पडतंय का बघावं."

बाईंनी बूट उपटून काढला. फेकणार, तोच त्यांचं बोट शिवणीवर अडलं. टाका कसा, तर मुंगीच्या पावलाएवढा.

"ही शिवण कुणाची?"

"थरथरत्या हाताची."

दुपारी मेहुणी दोऱ्यांपाशी होती. मुकादमाच्या रक्तात काय निघालं, ते सांगायला नकोच. आता रोज सकाळी टाचणी मशीनवर बसते आणि अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं विचारते, "मुकादम, गोळी घेतली का?"

तो मान हलवत नाही तोवर ती मशीनला हात लावत नाही. वरच्या दिव्याला इवलासा बूट टांगलेला असतो.